झाल्मनचा हात

हेन्या ताबाकमनने आयुष्यात कुणाला माफ केलं असेल, तर ते माझ्यादेखत तरी नाही. मी तिची मावसबहीण त्सिपा. पोलंडातल्या लोम्झा गावच्या यहुदी वस्तीत एकाच अंगणात आम्ही वाढलो, एकाच बोटीने लंडनला आलो, आणि ग्रेव्हिल स्ट्रीटवरच्या तिच्या चहाच्या दुकानात मी अखेरपर्यंत भांडी घासली. तेव्हा तिच्याविषयी बोलायचा हक्क कुणाला असेल तर मलाच आहे. बाकीचे जे सांगतात ते ऐकीव, आणि त्यातलं निम्मं हेन्याच्या हयातीत बोलायची त्यांची छाती नव्हती.

डूख धरणं हे तिच्या रक्तातच होतं. लहानपणी एका बदकाने तिच्या पोटरीचा लचका तोडला. पुढे सणाला ते बदक शिजून ताटात आलं, तेव्हा ही एवढीशी पोर म्हणाली, "मान मला द्या." लंडनला खाटकाने एकदा शिळी कलेजी दिली, तर हिने त्याच्याशी बोलणंच टाकलं. मांस त्याच्याकडूनच घ्यायची, पण बोट दाखवून. त्याच्या मुलीच्या लग्नातसुद्धा ही नाचली, तीही त्याच्याकडे पाठ करून.

नवरा मात्र मिळाला तो अगदी उलट. झाल्मन म्हणजे लोण्याचा गोळा. चालताना गुणगुणायचा, कुणी पायावर पाय दिला तर आपणच माफी मागायचा. हॅटन गार्डन या जवाहिऱ्यांच्या रस्त्यावर तो दलाल होता. एका व्यापाऱ्याकडून माल घ्यायचा, दुसऱ्याला दाखवायचा, दोघांचं जुळवून द्यायचं. पावती नाही, साक्षीदार नाही. आमच्या रस्त्यावर सौदा ठरला की दोघं हातावर हात मारतात आणि म्हणतात, "मझल उन ब्रोखे." नशीब लाभो, बरकत येवो. एवढं तोंडातून गेलं की संपलं. संध्याकाळी बाजार कोसळो नाहीतर बायको ऊर बडवून घेवो, सौदा फिरत नाही. फिरवायचा तर दोघांच्या खुशीने, समोरच्याने आपण होऊन तुमचा शब्द परत दिला तरच.

दुसरी एक रीत इथेच सांगून टाकते, कारण त्याच रीतीने झाल्मनचा गळा कापला. घेणाऱ्याने माल पाहिला आणि किंमत सांगितली, की तो माल कागदात गुंडाळून तो स्वतःच त्यावर लाखेचा शिक्का मारतो. दलाल ते बंद पुडकं मालकाकडे नेतो. मालक हो किंवा नाही म्हणेपर्यंत त्या शिक्क्याला कुणी हात लावत नाही, खुद्द मालकसुद्धा नाही.

आब्राम रायख नावाच्या बड्या व्यापाऱ्याकडे गुलाबी झाक असलेल्या मोत्यांची एक माळ होती. मोती मोठे आणि एकसारखे, सगळ्या रस्त्याला ठाऊक असलेले. झाल्मनने ती लाझर ब्रिलला दाखवायला नेली. हा लाझर सभ्य, दाढी नीट कातरलेला, सभास्थानात पुढच्या रांगेत बसणारा. त्याने माळ खिडकीच्या उजेडात धरली, किंमत बोलला, कागदात गुंडाळली, वर आपला सिंहाचा शिक्का मारला. झाल्मनने पुडकं रायखच्या हातात नेऊन दिलं. मध्येच आमचा मांडवांचा सण आला, धंदा बंद. सण सरल्यावर रायखने ठरवलं की या किमतीला द्यायची नाही, आणि शिक्का फोडला. आत वाळलेले वाटाणे!

लाझरला बोलावणं गेलं. तो शांतपणे आला, चष्मा लावला आणि फुटक्या लाखेचे तुकडे जुळवून म्हणाला, "हा माझा शिक्काच नव्हे. माझ्या सिंहाला शेपूट आहे, ह्याला नाही." त्याने खिशातून आपला शिक्का काढला, समोर लाखेवर मारून दाखवला. सिंह, आणि वर उचललेली शेपटी. म्हणजे कुणीतरी लाझरचा शिक्का फोडून मोती काढले होते आणि खोटा शिक्का मारून पुडकं पुन्हा बंद केलं होतं. आणि लाझरच्या दारापासून रायखच्या दारापर्यंत ते पुडकं घेऊन चाललेला माणूस एकच.

आता तुम्ही म्हणाल, लाझरनेच दोन शिक्के केले असतील, आणि मुद्दाम बिनशेपटीच्या, बांड्या सिंहाचा मारला असेल. अहो, हेन्या त्याच दुपारी हेच म्हणाली! पण ऐकतो कोण? एकीकडे पुढच्या रांगेतला लाझर, दुसरीकडे भाड्याच्या दोन खोल्यांतला दलाल.

स्कॉटलंड यार्डाचे दोन गुप्त पोलीस आले. इन्स्पेक्टर प्रुएट लांब नाकाचा, कमी बोलणारा. त्याच्याबरोबरचा सार्जंट डॉकरिल गोल आणि गुलाबी, नुकत्याच सोललेल्या बीटासारखा. त्यांनी आमच्या जमिनीच्या फळ्या उखडल्या, माझी गादी फाडली, पिसं घरभर केली. काही मिळालं नाही. झाल्मनला चौकीवर नेलं आणि पुरावा नाही म्हणून सोडलं. जाताना जिन्यात प्रुएट हेन्याला म्हणाला, "बाई, खरं सांगतो. उद्या मोती कुणाकडेही सापडले तरी तो म्हणेल, मला झाल्मनने विकले. मोत्यांनी तुमचा नवरा सुटणार नाही. तो खोटा शिक्का कुणाच्या खिशात निघतो, त्यावर सुटेल."

"मग शोधा की," हेन्या म्हणाली.

"शोधतोय," तो म्हणाला, आणि खरंच शोधत राहिला. त्या माणसाचं एवढं मी मानते. फुटक्या लाखेचे तुकडे त्याने औषधाच्या गोळ्यांच्या डबीत घालून स्वतःजवळ ठेवले.

कोर्टाने झाल्मनला काही केलं नाही. केलं ते रस्त्याने. त्याला वाळीत टाकलं. पहिल्याच सकाळी तो टोपी झटकून, नेहमीसारखा गुणगुणत गेला आणि त्याने रायखपुढे हात केला. रायखने आपला हात कोटाच्या खिशात घातला. मग पुढच्याने, मग त्याच्या पुढच्याने. आणि लाझर ब्रिल भर फुटपाथवर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "या रस्त्यावर माणूस म्हणजे त्याचा हात. दुसरं काही नाही."

झाल्मन तरीही रोज जायचा. धुक्यात, पावसात, सगळ्यांच्या खिशांकडे बघत उभा राहायचा. हेन्या म्हणायची, "मेल्यांनो, झडतील तुमचे हात," आणि हा म्हणायचा, "राहू दे गं, त्यांना तरी काय माहीत." दुसऱ्या हिवाळ्यात त्याच्या छातीत कफ भरला. शेवटी शेवटी तो पांघरुणातून उजवा हात बाहेर काढून ठेवायचा. हेन्या तो धरून बसायची आणि तो बर्फासारखा गार लागायचा. मला ते आठवलं की अजून रडू येतं, आणि रडण्यापेक्षा राग जास्त येतो.

सुतकाच्या सात दिवसांत रस्त्यावरचं कुणी फिरकलं नाही. आला तो लाझर ब्रिल! रीतीप्रमाणे आरसे झाकलेल्या त्या खोलीत बुटक्या स्टुलावर बसला, सुतकाचं उकडलेलं अंडं खाल्लं आणि म्हणाला, "देव तुमचं सांत्वन करो." माझ्या अंगाची लाही लाही झाली. हेन्याने त्याला दारापर्यंत पोचवलं. परत आली तेव्हा तिचे डोळे कोरडे होते.

"त्सिपे, दुकान काढू या," ती म्हणाली.

"कसलं दुकान?"

"चहाचं. बरोब्बर ह्याच्या कचेरीसमोर."

आणि काढलं. लग्नातले मेणबत्त्यांचे चांदीचे दिवे विकून काढलं. व्यापाऱ्यांना थंडीत बसायला जागा हवीच असते, ते आले. आधी खाली मान घालून, मग माझं खारवलेलं बीफ आवडलं म्हणून मान वर करून. लाझरही यायला लागला. त्याला लागतं तसा फिक्का, लिंबाचा चहा हेन्या स्वतः न्यायची. पेला बशीत, बाजूला साखरेचा खडा. तो खडा दातांत धरून फुरके मारायचा आणि ही गल्ल्यामागून त्याच्याकडे पाहत राहायची. त्याचे मित्र, त्याची पत्रं, त्याचा चेहरा कधी पडतो, कधी खुलतो, सगळं.

मी म्हटलं, "अगं, एकदाचं विष तरी घाल त्याच्यात!"

"विषाने तो मरेल," ती म्हणाली. "मला तो मेलेला नकोय."

प्रुएट मागच्या दाराने येत असे. माळेचे विमावाले त्याच्या डोक्यावर बसले होते. आमच्या स्वयंपाकघरात उभ्याउभ्या खारातली काकडी खायचा आणि हेन्याने काय पाहिलं ते ऐकायचा. हिरा असता तर पुन्हा कापून ओळख मोडता येते, मोत्याचं तसं नाही. तो आहे तसाच विकावा लागतो, म्हणून चोराला वर्षानुवर्षं त्यावर बसून राहावं लागतं. "पण कधीतरी त्याला उठावं लागेलच," प्रुएट म्हणायचा.

आणि एका हिवाळ्याच्या तोंडाशी लाझर उठला. समुद्रापलीकडच्या अँटवर्पच्या जवाहिरबाजारातून कोण खरेदीला येतं, त्याची तो हळूच चौकशी करू लागला. हेन्याने ताबडतोब प्रुएटला कळवलं. प्रुएटने काय करावं? डॉकरिललाच नकली दाढी लावून, अँटवर्पचा व्यापारी बनवून आमच्याकडे पाठवलं!

डॉकरिल आला, बसला, भरपूर बीफ हाणलं. लाझर दोन टेबलं पलीकडे. मग आमचा हा अँटवर्पचा यहुदी व्यापारी मोठ्याने म्हणाला, "बाई, चहा आणा, आणि जरा जास्त दूध घाला!"

मांसावर दूध! धर्माने आम्हाला ते वर्ज्य. आमच्या घरात दुधाचं भांडंसुद्धा वेगळ्या कपाटात असतं. कुणाच्या तरी हातातला काटा खाली पडला. लाझरने शांतपणे टोपी घातली आणि निघून गेला, तो कितीतरी दिवस फिरकलाच नाही. हेन्याने डॉकरिलला स्वयंपाकघरात ओढलं आणि ओल्या फडक्याने झोडलं.

"काय चुकलं ते तरी सांगा!" तो बिचारा दाढी सावरत म्हणाला.

"जन्म!" हेन्या म्हणाली.

त्या दिवशी तिने अँटवर्पला खरंखुरं बोलावणं धाडलं. झाल्मनचा धाकटा भाऊ नोखेम तिकडे हाच धंदा करत होता. झारच्या फौजेत एकुलत्या एका मुलाला नेत नसत, म्हणून आमच्याकडे भावाभावांची आडनावं वेगळी लावत. तो गुर्फिन होता, ताबाकमन नव्हे. तांबड्या दाढीचा, अगडबंब. त्याला झाल्मनचा भाऊ म्हणून कुणीही ओळखलं नसतं.

तो आला, जेवला, सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "वहिनी, दुसरं काहीही सांग. खोटा सौदा मी करणार नाही. घ्यायचं नसताना मझल म्हणायचं? मग माझ्या हातात आणि त्याच्या हातात फरक काय राहिला?"

"खोटा कोण म्हणतंय?" हेन्या म्हणाली. "घे ना खरोखर. माल हातात घे. पुढे पोलीस काय करायचं ते करतील."

नोखेमने दाढी ओढली. मग त्याने विचारलं, "रस्त्याने झाल्मनचा हात झटकला, हे खरं?"

"झटकला असता तर निदान हाताला हात लागला असता. त्यांनी खिशात घातले."

"मग देतो मी हात," नोखेम म्हणाला.

खऱ्या व्यापाऱ्याला खरा व्यापारी वासाने ओळखतो. लाझर पुन्हा येऊ लागला. घासाघीस दिवसेंदिवस चालली. लाझरने तंबाखूच्या कागदात दोन मोती आणून दाखवले, नोखेमने नाक मुरडलं, लाझर उठला, नोखेमने बसवला, सगळं रीतसर. किंमत जुळली तेव्हा भर दुपार होती आणि एकही टेबल रिकामं नव्हतं. लाझर कुजबुजला, "चला, बाहेर जाऊन हात मारू." तेवढ्यात हेन्या भलाथोरला ट्रे घेऊन दोन टेबलांच्या मधोमध येऊन उभी राहिली. जाणार कुठून? नोखेमने आपला पंजा टेबलावर ठेवला. लाझरला हात द्यावा लागला. दोघंही म्हणाले, "मझल उन ब्रोखे."

"मझल!" हेन्या ओरडली. "रेब लाझरचा सौदा झाला! सगळ्यांना मधाचा केक, माझ्यातर्फे!"

रेब म्हणजे आमच्यात मानाने हाक मारायची रीत. आणि हेन्या म्हणजे खारातल्या काकडीची फोडसुद्धा कधी फुकट न देणारी बाई. सगळ्या माना वळल्या. खुर्च्या सरकल्या, पाठी थोपटल्या गेल्या. खुद्द आब्राम रायखने पेला उंचावून लाझरला बरकत चिंतली. लाझर हसला, पण कपाळावर घाम होता.

"उद्या दुपारी, इथेच," नोखेम मोठ्याने म्हणाला. "सीलबंद."

"सील कशाला?"

"आमच्या अँटवर्पात उघडा माल भाजीवाले विकतात, रेब लाझर."

सगळे हसले. लाझरला मान डोलवावी लागली.

सगळं जमून आलं होतं, आणि डॉकरिलने माती खाल्ली. लांब राहा म्हणून बजावलं होतं, तर हा रस्त्यापलीकडच्या दारात पाळतीवर उभा. यावेळी दाढी नव्हती, पण ओळखू येऊ नये म्हणून आमचं यिद्दिश वर्तमानपत्र तोंडापुढे धरलेलं. उलटं! लाझर बाहेर पडला, त्याने पाहिलं, क्षणभर थांबला आणि कोपऱ्यावरून दिसेनासा झाला.

प्रुएट मागच्या दाराने आला तेव्हा त्याने टोपी काढून हातात घेतली होती. "संपलं, बाई. आता तो बोटीत बसेल. एवढी वर्षं फुकट गेली."

हेन्या कणीक मळत होती. "येईल तो."

"अहो, चोर आहे तो!"

"चोर आहेच. पण सौदा केलाय त्याने. सगळ्यांदेखत केलाय."

प्रुएट हसला, पण ते हसणं नव्हे. तरी दुसऱ्या सकाळी तो आमच्या कोठारात पिठाच्या पोत्यांमागे येऊन बसला. दुसरं करण्यासारखं त्याच्यापाशी काही नव्हतं.

दुकान उघडायच्या आधीच लाझर आला. दाढी विसकटलेली, रात्रभर झोप नसावी. "हेन्या," तो म्हणाला, "तुझ्याकडे उतरलाय ना तो अँटवर्पवाला? त्याला सांग, माझा शब्द मला परत दे म्हणावं. मला हा सौदा जमत नाही."

"तो नाही म्हणाला तर?"

लाझर टोपी हातात फिरवू लागला.

"मग देऊ नका माल," हेन्या म्हणाली. "निघून जा कुठेतरी. तुम्हाला कुणी धरून ठेवलंय?"

माझ्या हातातली बशी निसटता निसटता राहिली. पोत्यांमागे प्रुएटला काय झालं असेल ते तोच जाणे. अगं बाई, वर्षानुवर्षं ज्याला डोळ्यांत तेल घालून राखला, त्याला ही दार दाखवते आहे! पण ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. तिला त्याच्याच तोंडून ऐकायचं होतं.

"आणि परत या रस्त्यावर तोंड कसं दाखवू?" लाझर चिडून म्हणाला. "शब्द मोडलेला माणूस म्हणून कोपऱ्यात उभा राहू? मी काय झाल्मन आहे?"

"नाही," हेन्या म्हणाली. "तुम्ही झाल्मन नाही, रेब लाझर. चहा घ्या."

तिने त्याला चहा दिला, बशीत, साखरेच्या खड्यासकट. त्याने घेतलासुद्धा.

दुपारी तो आला. पोलीस आहेत हे त्याला ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण वाळीत पडलेला माणूस कसा मरतो, हे त्याच्याइतकं जवळून त्या रस्त्यावर कुणी पाहिलं नव्हतं. त्यानेच तर तो तसा मारला होता. तुरुंगापेक्षा त्याला त्या खिशांची भीती जास्त होती. त्याने पुडकं टेबलावर ठेवलं. नोखेमने ते उचलून दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाला, "घेतलं. माझा शब्द पुरा झाला." मग स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि पिठाने पांढराफटक झालेला प्रुएट बाहेर आला. समोरच्या दारात डॉकरिल उभा राहिला. यावेळी हातात काही नव्हतं, देवाची कृपा.

लाझर उभा राहिला. "यात मोती आहेत, हे मीच सांगतो," तो सगळ्यांना ऐकवत म्हणाला. "मी ते झाल्मन ताबाकमनकडून विकत घेतले होते. त्या बिचाऱ्याची बेअब्रू नको म्हणून बोललो नाही."

प्रुएटने जिन्यात सांगितलं होतं ते अगदी शब्दाला शब्द! आणि रायख लगेच म्हणाला, "बघा! मी पहिल्यापासून सांगत नव्हतो?" टेबलाटेबलांवर माना हलू लागल्या. मेल्यावरही त्याला सोडत नव्हते.

"साहेब," हेन्या म्हणाली, "उघडू नका. आधी शिक्का बघा."

प्रुएटने खिशातून गोळ्यांची डबी काढली. जुने तुकडे पुडक्याशेजारी मांडले. तिथे सिंह, इथेही सिंह. दोघेही बांडे.

त्याने असा शिक्का का मारावा, हे डॉकरिलनेसुद्धा नंतर विचारलं. अहो, चोरीच्या मालावर तो आपला खरा शिक्का मारेल कसा? आणि शिक्क्याशिवाय माल द्यायची सोय नव्हती, सीलबंदच द्यायचा असं नोखेमने सगळ्यांदेखत वदवून घेतलं होतं. रायखच्या हातात ती लाख एकदाच गेली होती, तीही किती वर्षांपूर्वी. पोलीस एवढे दिवस ते चुरे सांभाळून ठेवतील हे लाझरच्या स्वप्नातही नसेल. प्रुएटने त्याच्या आतल्या खिशातून तो दुसरा शिक्का काढला आणि टेबलावर ठेवला.

लाझरला नेल्यावर आब्राम रायख उठला. डोळ्यांत पाणी आणून हेन्यापुढे आला आणि त्याने हात पुढे केला. हेन्याने आपले दोन्ही हात ॲप्रनच्या खिशात घातले.

"माझा कशाला?" ती म्हणाली. "ज्याचा घ्यायचा राहिलाय त्याचा घ्या."

मेलेल्या माणसाचा अपराध केला असेल तर दहा पुरुष बरोबर घेऊन त्याच्या कबरीपाशी जायचं आणि मोठ्याने कबूल करायचं, अशी आमची रीत आहे. सहसा कुणी पाळत नाही. हेन्याने पाळायला लावली. दुकानाच्या दाराला कुलूप घातलं आणि सांगितलं, ईस्ट हॅमच्या कबरस्तानात जाऊन येईपर्यंत इथे कुणाला चहा नाही. आले सगळे, झाडून सगळे. जानेवारीचा महिना, गवतावर हिमाचा थर. एकेकाने पुढे यायचं, हातमोजा काढायचा, त्या दगडावर उघडा तळवा ठेवायचा आणि म्हणायचं, "झाल्मन, मी तुझा हात घेतला नाही." आणि हेन्या "बास" म्हणेपर्यंत हात उचलायचा नाही. रायखच्या वेळी तिला 'बास' म्हणायला फार वेळ लागला. त्याची बोटं निळी पडली तरी ती झाडांकडेच बघत होती. मी तिच्या कोपराला धरून हलवलं नसतं तर अजून वेळ लागला असता, पण मीही काही लगेच हलवलं नाही.

लाझरला सात वर्षांची सक्तमजुरी झाली. दर वर्षी झाल्मनच्या तिथीला हेन्या त्याला मधाचा केक पाठवायची. पोचायचा की नाही कोण जाणे.

तो सुटला तेव्हा महायुद्ध चालू होतं. एका सकाळी रस्त्याच्या टोकाला दिसला, पांढरा, वाकलेला, टोपी मात्र झटकलेली. तो एकापुढे गेला, हात केला. समोरच्याचा हात खिशात. दुसऱ्यापुढे गेला, तोही. आमच्या खिडकीतून सगळं दिसत होतं. असं कितीतरी दिवस चाललं, आणि हेन्या रोज खिडकीची काच पुसत उभी राहायची. काच काही एवढी मळत नव्हती.

मग एक दिवस तो आत आला. गल्ल्यापुढे उभा राहिला आणि उजवा हात पुढे केला, रिकामा.

"हेन्या," तो म्हणाला, "एकदाच. तू दिलास तर बाकीचे देतील."

हेन्या त्या हाताकडे बघत राहिली. मला वाटलं, देते की काय ही.

"त्सिपे," ती म्हणाली, "चहा ओत."

मी पेला भरला. पाणी उकळतं होतं. मी नेहमीसारखी बशी पुढे केली, ती तिने बाजूला सारली. नुसता काचेचा पेला उचलून तिने त्याच्या तळव्यावर ठेवला आणि आपल्या हातांनी त्याची बोटं त्याभोवती मिटवली.

"धर," ती म्हणाली. "माझ्या माणसाचा हात शेवटी बर्फासारखा गार होता. तुझा तरी ऊबदार राहू दे."

त्याने पेला टाकला नाही. सगळं दुकान बघत होतं. त्याची बोटं लाल होत गेली, डोळ्यांतून पाणी गळायला लागलं, पण बोटं मिटलेली राहावीत म्हणून तिचे हात वरून होते आणि त्याला ते सोडवत नव्हते. किती वर्षांनी त्याच्या हाताला कुणाचा हात लागला होता. तिने सोडल्यावर त्याने उभ्यानेच चहा संपवला, पेला ठेवला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला, आणि हेन्याने त्याला पुन्हा बशीशिवायच चहा दिला.